रेघ, गुरो, ८८

मंगळवारी ग्रंथालयाचं तळघर दहाला उघडतं.
आत पेन्सिल चालते, शाई नाही. कॉफी तर नाहीच.
विस्कॉन्सिनच्या या टेकड्यांत
मी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली.
कुठल्या टपालपेटीवर कुठलं आडनाव, झोपेत विचारा.
आणि आता माझंच माणूस मला सापडेना.

वंशावळ मंडळाच्या त्रैमासिकाचे बेचाळीस खंड,
आणि त्यांच्या टोकाला ही एक जाडजूड आडनाव-सूची
जिच्यात सगळे वर्णानुक्रमाने नांदतात:
बांधावरून भांडलेले दोघे एकाखाली एक,
मधे कुंपणसुद्धा नाही.
नावाशेजारी फुली असली
तर तो त्या पानावर एकाहून जास्त वेळा आहे.
एकदा जन्मला, एकदा कोर्टात गेला.

माझे वडील ट्वेटन.
ट्वेटन म्हणजे जंगल तोडून मोकळा केलेला तुकडा,
नॉर्वेत, उतारावर, म्हणे चार मेंढ्यांपुरता.
पणजोबा तोलेफ बोटीवर चढला तेव्हा
नुसता हाल्वोरचा मुलगा होता.
इकडच्या कारकुनाला त्याने शेताचं नाव सांगितलं,
कारकुनाने कानावर पडलं ते लिहिलं.
जमिनीच्या दाखल्यात ट्विटन.
करवसुलीत स्वीटन.
एक अक्षर हललं की माणूस
वीस पानं लांब राहायला जातो.
सापडला शेवटी, आयरिश स्वीनींच्या शेजारी,
टोपी हातात धरून उभा असल्यासारखा.

पण मला तो नको होता. त्याची बायको हवी होती.
माझ्या हनुवटीवरची खळी ट्वेटनांची नाही,
एवढंच घरात सगळ्यांना माहीत.

सूची केली एल्ना प्रेस्टगार्ड या बाईंनी,
पंधरा हिवाळे, जेवणाच्या टेबलावर,
पाककृतींच्या कार्डांच्या पाठकोऱ्या बाजूंवर.
(स्वतः त्या सूचीत कुठेच नाहीत. मी पाहिलं.)
त्यांनी प्रस्तावनेत एक नियम लिहून ठेवला आहे:
ज्यांचं आडनाव कळलं नाही त्यांना गाळलेलं नाही.

तर झेड संपतो, आणि मग नुसत्या रेघा सुरू होतात.
—, अर्भक, १२
—, अ‍ॅना, ३१, ३१, २०४
—, कपडे धुणारी बाई, ५९
—, गुरो, ८८

अशी सोळा पानं. बहुतेक बायका.

एकदा माझ्या हजेरीत एक पोर होतं,
या घरातून त्या घरात ठेवलेलं,
आडनावाच्या रकान्यात काही नाही.
तीन महिने मी त्याला ‘ए लाल टोपी’ म्हटलं.
का आठवलं कोण जाणे.

पान ८८. एका जुन्या चर्चचा हिशेब, एवढाच:
“तोलेफची गुरो, घटसर्प.
पेटीच्या फळ्यांचे साठ सेंट मंडळीने भरले.”
मी त्या साठ सेंटांवर बोट ठेवून बसले
दिवा मालवायला जॅनिटर येईपर्यंत.

त्रैमासिकात शेवटी चौकशीचा रकाना असतो.
वीस शब्द फुकट, पुढच्या प्रत्येकाला दहा सेंट.
मी पेन्सिलीने लिहिलं, मोजत मोजत:
‘गुरो. तोलेफ ट्वेटन, ट्विटन, स्वीटन यांची बायको.
घटसर्पाने गेली. माहेर कोणतं?
हनुवटीवर खळी असावी.
कुणाला ठाऊक असल्यास कळवावं.’

खाली सही. आर्डिस क्रुपका.
क्रुपका नवऱ्याचं. चांगला माणूस होता, तक्रार नाही.
पण पुढच्या सूचीत मी क-मध्ये जाईन,
आणि कोणी मला शोधत आलं तर
कुठल्या पानावर थांबेल?
म्हणून पुढे एक शब्द वाढवला, ट्वेटन.

वीसच्या वर गेलंच होतं.
पाकीट उघडून मी नाणी मोजायला घेतली.